जन्म स्लाऊचा, पासपोर्ट भारताचा

तीन आठवड्यांच्या बाळाचा अंगठा कागदावर उमटवायला दोन मोठी माणसं लागतात. एकीने कोपर धरायचं, दुसऱ्याने मूठ उलगडायची. मूठ सुटली की अंगठा शाईसकट तोंडाकडे निघतो. मुलगी असेल तर उजवा, मुलगा असेल तर डावा. ठसा चौकटीत बसला पाहिजे. फोटोत डोळे उघडे हवेत, मागे पांढरी चादर, आणि आईचा हात दिसता कामा नये.

लंडनच्या पश्चिमेला स्लाऊमध्ये नव्याने आलेल्या मराठी जोडप्यांना मी बाळाच्या भारतीय पासपोर्टच्या या कामात हातभार लावते. व्हिसाचा सल्ला देणं इथे परवान्याशिवाय चालत नाही, त्यात मी पडत नाही.

बाळ इथे जन्मलं म्हणजे ब्रिटिश, असं गावाकडे सगळे धरून चालतात. १ जानेवारी १९८३ च्या आधी तसं होतंही. आता आई किंवा वडील ब्रिटिश तरी हवेत, नाहीतर त्यांच्याकडे कायम राहण्याचा हक्क, म्हणजे आयएलआर हवा. वर्क व्हिसावरच्या जोडप्याकडे दोन्ही नसतं. बरं, बाळ आपोआप भारतीयही होत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशी जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की गाठ थेट केंद्र सरकारच्या परवानगीशी.

एवढं होऊनही बाळ इथे बेकायदा नसतं. देशाबाहेर जात नाही तोवर त्याला व्हिसाही लागत नाही. खरी अडचण सुरू होते ती सांगलीहून आलेल्या व्हिडिओ कॉलवर.

"बारशाला आणताय ना गं?"

"आई, परत यायला तिचा डिपेंडंट व्हिसा काढावा लागेल."

"अगं, तिथेच जन्मली ना ती?"

आजींचा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर कायद्याचं आहे, समजुतीचं नाही.

पुढे आईवडिलांपैकी एकाला आयएलआर मिळाला की मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते. अर्जाचं नाव एमएन१. मोठ्यांसारखी परीक्षा नाही, पण शुल्क जबर. २०१९ मध्ये ते १,०१२ पौंड होतं आणि सरकारचा खर्च ३७२, हे हायकोर्टात उघड झालं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तरी ते वैध ठरवलं. ज्यांना परवडतच नाही त्यांच्यासाठी माफीची सोय तेवढी त्याच वर्षी आली. मुलाच्या हक्काच्या नोंदणीवर सरकारने नफा काढावा, हे मला आजही पटत नाही.

ब्रिटिश झालं की भारतीय पासपोर्ट परत करून परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं ओसीआय कार्ड घ्यायचं. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडील भारतीय, मुलगी ब्रिटिश, अशी घरं इथे गल्लोगल्ली आहेत.

२०२५ च्या मे महिन्यात सरकारने आयएलआरची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हापासून दुसऱ्या वाटेची चौकशी वाढली आहे. इथे जन्मलेलं मूल पहिली दहा वर्षं इथेच राहिलं, कुठल्याही वर्षी ९० दिवसांहून जास्त बाहेर गेलं नाही, तर आईवडिलांचा व्हिसा कोणताही असो, त्याला नोंदणीचा हक्क मिळतो. मात्र दहाही वर्षांचा पुरावा लागतो. म्हणून लसींच्या नोंदीचं ते लाल पुस्तक आणि शाळेची पत्रं टाकू नका, एवढं मी प्रत्येक आईला बजावते.