न दाखवलेला चेहरा

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये झालेला एक प्रयोग दूरचित्रवाणीचा अभ्यास करणाऱ्याने विसरू नये असा आहे. फ्रँकलिन गिलियम आणि शांतो अय्यंगार या राज्यशास्त्रज्ञांनी लोकांना स्थानिक बातम्यांची चित्रफीत दाखवली. तिच्यातल्या गुन्ह्याच्या बातमीत काहींना कृष्णवर्णीय संशयित दिसला, काहींना गोरा. चेहरा एकाच माणसाचा होता. संगणकावर त्वचेचा रंग तेवढा बदलला होता. आणखी एका गटाला तीच बातमी संशयिताचे चित्र वगळून दाखवली. नंतर विचारले, तेव्हा या गटातल्या सुमारे ६० टक्के लोकांनी आपण संशयिताला पाहिल्याचे सांगितले. आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना तो कृष्णवर्णीय असल्याचे ‘आठवत’ होते.

हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. रोजच्या बातम्यांतून एक साचा मनात बसतो: गुन्हा हिंसक आणि गुन्हेगार कृष्णवर्णीय. साचा पक्का झाला की रिकामी जागा प्रेक्षक आपणच भरतो. कृष्णवर्णीय संशयित पाहिलेल्या गोऱ्या प्रेक्षकांमध्ये कडक शिक्षेला असलेला पाठिंबाही वाढलेला आढळला. म्हणजे पडद्यावरचा हा चेहरा कायदे आणि तुरुंग यांच्याविषयीच्या मतापर्यंत जाऊन पोचतो.

साचा एकट्या बातम्यांनी घडवलेला नाही. १९२८ मध्ये रेडिओवर ‘अ‍ॅमॉस अँड अँडी’ सुरू झाली, तेव्हा दोन गोरे नट कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करून लोकांना हसवत होते. १९५१ मध्ये सीबीएसने ती दूरचित्रवाणीवर आणली. आता नट कृष्णवर्णीय होते, पण आळशी, लबाड, शब्दांची मोडतोड करणारी पात्रे तीच राहिली. ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने तीव्र निषेध केला. १९५३ मध्ये मालिका थांबली, तरी जुने भाग १९६६ पर्यंत फिरत होते. वस्त्या, शाळा, चर्च सारे वेगळे असलेल्या त्या समाजात अनेक गोऱ्या कुटुंबांना कृष्णवर्णीयांची घरबसल्या होणारी ओळख ती एवढीच.

मग पूर्वग्रहाचीच टर उडवली तर? १९७१ मध्ये नॉर्मन लिअर यांनी ‘ऑल इन द फॅमिली’मध्ये आर्ची बंकर हा वर्णद्वेष्टा गृहस्थ आणला. त्याच्या हटवादीपणावर लोकांनी हसावे, हा हेतू होता. १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी या मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात पूर्वग्रह कमी होता, त्यांना उपहास कळला. ज्यांच्या मनात तो खोल होता, त्यांना आर्ची आपला वाटला. वादात तोच जिंकतो, असेही त्यांच्यातल्या अनेकांना दिसले. विनोद एकच, पण जो तो आपापल्या मापाने तो घेऊन गेला.

सर्वांत अवघड उदाहरण ‘द कॉस्बी शो’चे आहे. १९८४ ते १९९२ या काळात एनबीसीवर दिसलेले हक्स्टेबल कुटुंब सुशिक्षित आणि सुखवस्तू होते: वडील डॉक्टर, आई वकील. कित्येक कृष्णवर्णीय प्रेक्षकांना या घराचा अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. सट जॅली आणि जस्टिन लुईस यांनी प्रेक्षकांच्या गटांशी सविस्तर बोलून १९९२ मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा दुसरी बाजू समोर आली. अनेक गोऱ्या प्रेक्षकांना हक्स्टेबल मनापासून आवडत होते. त्यांच्या यशातून त्यांनी काढलेला अर्थ मात्र असा की वर्णभेद आता संपला आहे, आणि जे मागे राहिले ते आपल्याच दोषाने. तिरस्काराचा लवलेश नसताना अन्यायाकडे पाठ फिरवण्याची सोय झाली.

गुरुवारी रात्री आठला हक्स्टेबलांचे घर आणि त्याच रात्री उशिरा बातम्यांतला बेड्या घातलेला तरुण, ही दोन्ही चित्रे एकाच संचावर दिसत. प्रेक्षकाला त्यांत विसंगती जाणवण्याचे कारण नव्हते. पहिले चित्र दुसऱ्याला दोषी ठरवायला उपयोगी पडत होते. घरभाडे, शाळा, नोकरी, पोलीस यांची गोष्ट या दोन टोकांच्या मधली, आणि ती क्वचितच सांगितली जाई.

म्हणून पडद्यावर किती अल्पसंख्य चेहरे दिसतात, ही मोजणी आवश्यक असली तरी अपुरी आहे. पात्र सज्जन की दुर्जन, एवढ्यावरही भागत नाही. त्या पात्राला गल्ली आहे का, शेजार आहे का, पूर्वजांचा इतिहास आहे का, हे पाहावे लागते. कारण जे दाखवले जात नाही, ते प्रेक्षक मनातल्या साच्यातून पुरवतो, आणि नंतर ते आपण डोळ्यांनी पाहिले, असे शपथेवर सांगतो.