पाहुण्यांवर जगणारे शहर : ब्रायटन

लंडनला मालाच्या प्रदर्शनासाठी किंवा नातेवाइकांकडे जाणारे आपले व्यापारी बांधव हाताशी दोन दिवस उरले की मेणाचे पुतळे आणि राणीचा वाडा पाहून परततात. आमचे सांगणे असे की, त्यातला एक दिवस ब्रायटनसाठी ठेवावा. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनातून रेल्वेने तासाभराचा रस्ता. समुद्र काय, तो आपल्याकडेही आहे. आणि वाळू म्हणाल तर तिथल्या किनाऱ्यावर जिकडे तिकडे गोटेच. पाहायचे ते हे, की ज्या गावापाशी विकायला मासळीखेरीज फारसे काही नव्हते, ते अडीचशे वर्षे बाहेरून येणाऱ्या माणसांवर पोट भरीत आले आहे. आणि या कमाईत पाटण्याच्या एका मुसलमान घरात जन्मलेल्या माणसाच्या हाताचाही हिस्सा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

गावाचे नशीब फिरले ते खाऱ्या पाण्याने. १७५० साली रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने ग्रंथ लिहून सांगितले की, समुद्राच्या पाण्यात बुडी मारणे आणि ते पाणी पिणेसुद्धा गाठींच्या रोगावर गुणकारी आहे. पाणी फुकटचे, पण डॉक्टरची शिफारस मिळाल्याबरोबर त्याला भाव आला. १७८३ मध्ये राजपुत्र जॉर्ज तिथे आला आणि त्याच्यामागे सारे अमीर-उमराव आले.

याच राजपुत्राने जॉन नॅश या वास्तुकाराकडून १८१५ पासून पुढच्या सात-आठ वर्षांत रॉयल पॅव्हेलियन हा राजवाडा आजच्या रूपात उभा करवला. बाहेरून पाहावे तर घुमट, मिनार, दगडी जाळ्या. परदेशात एकाएकी आपल्याकडची इमारत दिसल्याचा भास होतो. नॅशने हिंदुस्थान पाहिलाही नव्हता, चित्रांवरून त्याने हा थाट केला. आत शिरले की मात्र सगळा चीन. जेवणाच्या दालनात चांदीच्या ड्रॅगनच्या पंज्यात लटकलेले टनभर वजनाचे झुंबर आहे. आमच्यासारख्या कापडवाल्याची नजर मात्र संगीत दालनाच्या गालिचावर जाते. १९७५ मध्ये या दालनाला आग लागली. पुढे कित्येक वर्षे खपून दुरुस्ती केली, नवा गालिचा विणून अंथरला, आणि १९८७ च्या वादळात छपरावरचा दगडी गोळा छत फोडून नेमका त्या गालिचात येऊन रुतला! कारागिरांनी पुन्हा कामाला हात घातला. असे काम अंगावर घेणारे कारागीर तिथे अजून आहेत आणि त्यांना कामाचा मोबदला मिळतो, हे आम्हाला घुमटांपेक्षा मोठे वाटले.

राणी व्हिक्टोरियाला हा वाडा पसंत नव्हता. भर वस्तीत खाजगीपणा मिळेना. तिने आतले सामान हलवले. वाडा पाडला जाण्याची धास्ती होती, तेव्हा १८५० मध्ये गावाने तो ५३,००० पौंडांना विकत घेतला. म्युनिसिपालिटीने राजवाडा खरेदी करावा, ही त्या काळात हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. पण १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली होती आणि आता राजांऐवजी कारकून, दुकानदार उतरत होते. गावाने गिऱ्हाईक ओळखले होते.

आता त्या पाटण्याच्या माणसाविषयी. शेख दीन मुहम्मद यांचा जन्म १७५९ चा. कंपनी सरकारच्या फौजेत नोकरी केली, १७८४ मध्ये आपल्या कप्तानाबरोबर आयर्लंडला गेले, तिथेच लग्न केले. १७९४ मध्ये त्यांनी आपल्या प्रवासावर पुस्तक छापले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहिलेले ते पहिले पुस्तक समजतात. १८१० मध्ये लंडनात हिंदी जेवण आणि हुक्का देणारे कॉफी हाऊस काढले; दोन वर्षांत दिवाळे निघाले. पन्नाशी उलटलेली, घरात लेकरे. असा माणूस ब्रायटनला आला आणि त्याने हमाम उघडला. वनस्पतींच्या वाफेत गिऱ्हाइकाला बसवायचे, भोवती फ्लॅनेलचा तंबू, त्या तंबूला बाह्या शिवलेल्या, आणि मालिशवाल्याने बाह्यांतून हात घालून अंग रगडायचे. आपली चंपी ती हीच. आज घरोघरी बाटलीत असलेला ‘शाम्पू’ हा शब्द या चंपीच्याच घराण्यातला.

जाहिरातीची त्यांची अक्कल पाहा. बऱ्या झालेल्या रोग्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या त्यांनी हमामाच्या दारातच मांडून ठेवल्या होत्या. स्त्रियांचा विभाग पत्नी जेन पाहत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते शाही मालिश-वैद्य झाले. पण इमारत भागीदाराच्या पैशावर उभी होती. तो भागीदार वारल्यावर हमाम लिलावात निघाला आणि म्हातारपणी तो सोडवून घेण्याइतकी पुंजी त्यांच्यापाशी नव्हती. नाव राजदरबारी आणि जागा दुसऱ्याची! आपल्या बाजारातले भाडेकरू ही गोष्ट दोनदा वाचतील. १८५१ मध्ये ते वारले. त्यांनी धर्म बदलून ख्रिस्ती पंथ घेतला होता, त्यामुळे कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. हमामाच्या जागी आता क्वीन्स हॉटेल आहे.

किनाऱ्यावर १८९९ चा पॅलेस पिअर आहे, समुद्रात सुमारे १,७२२ फूट गेलेला लोखंडी धक्का. त्यावर पाळणे, खेळ, खाण्याच्या टपऱ्या. १८८३ मध्ये मॅग्नस फोल्कने सुरू केलेली छोटी विजेची रेल्वे जवळच धावते. चालू असलेल्यांत जगातली सर्वांत जुनी म्हणतात. दुसरा धक्का, वेस्ट पिअर, १९७५ मध्ये बंद झाला, २००३ मध्ये जळाला, सांगाडा पाण्यात उभा आहे. त्याच्याच समोर २०१६ मध्ये आय-३६० नावाचा उंच मनोरा उभारला. नगरपालिकेने ३ कोटी ६० लाख पौंडांचे कर्ज काढून त्यात घातले, अंदाजाइतकी माणसे आलीच नाहीत, आणि २०२४ मध्ये कंपनी बुडाली तेव्हा व्याजासह ५ कोटींहून अधिक पौंडांवर पाणी सोडावे लागले. वाडा घेणारे गाव ते हेच.

त्यापेक्षा टपरीवरची गुलाबी कांडी पाहावी. तिला ‘रॉक’ म्हणतात. कुठेही मोडा, आत गावाचे नाव दिसते. साखरेच्या गरम पाकाच्या लाल-पांढऱ्या पट्ट्या रचून एकेक अक्षर चांगले जाड बनवतात, सगळी अक्षरे गाभ्याभोवती लावून त्यावर गुलाबी थर गुंडाळतात, मग तो भला मोठा लोळा ओढत ओढत बोटाएवढा बारीक करतात. अक्षर आत बारीक होत जाते, मोडत नाही. साखर थोड्या पैशांची, कसब हाताचे, आणि गावाचे नाव पाहुण्याच्या खिशातून घरोघर.

पॅव्हेलियनच्या दक्षिण दारावरची कमान १९२१ मध्ये हिंदुस्थानातर्फे भेट मिळाली. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी शिपाई याच वाड्यात ठेवले होते. हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे, नऊ स्वयंपाकघरे, मुसलमानांना नमाजासाठी हिरवळीवर जागा. जमादार मीर दस्त यांना ऑगस्ट १९१५ मध्ये पंचम जॉर्जने याच बागेत व्हिक्टोरिया क्रॉस दिला. वारलेल्या हिंदू आणि शीख शिपायांचे दहन शहराबाहेर टेकडीवर झाले. तिथे संगमरवरी छत्री आहे, तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस यांचा. मोटार तिथवर जात नाही, चालावे लागते.

मुसलमान शिपायांना मात्र वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ दफन केले. ती जागा नासधूस झाल्याने १९६८ मध्ये कबरी ब्रूकवुडच्या लष्करी कब्रस्तानात हलवल्या. ब्रायटनच्या छत्रीपाशी जाऊन आलेल्यांनी फातिहा पढण्यासाठी तिकडे जावे. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून गाडी मिळते.