कालव्याच्या आलेखातला चढ आणि क्षेत्रफळ

आलेखातील रेषेचा चढ म्हणजे आडव्या अक्षावरची राशी एकने वाढली की उभ्या अक्षावरची किती बदलते, याचे माप. चढ काढताना उभ्या एककाला आडव्या एककाने भागतात. रेषेखालचे क्षेत्रफळ काढताना त्याच दोन एककांचा गुणाकार होतो. पुस्तकांत हे बहुधा मोटारीच्या उदाहरणाने शिकवतात. पारनेर तालुक्यात कालव्याचे उदाहरण अधिक जवळचे आहे.

येडगाव धरणातून निघणारा कुकडीचा डावा कालवा जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असा करमाळ्यापर्यंत जातो. आवर्तन, म्हणजे सिंचनाच्या पाण्याची पाळी, सुटते तेव्हा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट असा सांगतात. धरणातला साठा मात्र दशलक्ष घनफूट किंवा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत.

समजा, विसर्ग पहिल्या दिवसात शून्यापासून एकसारखा वाढत 1000 क्युसेकवर गेला आणि पुढचे 10 दिवस तेवढाच राहिला. विसर्ग-काल आलेखात पहिल्या दिवशी तिरकी रेषा येईल. तिचा चढ तासाला सुमारे 42 क्युसेक, म्हणजे प्रवाह त्या गतीने वाढवला. पुढे रेषा आडवी आणि चढ शून्य. याचा अर्थ पाणी थांबले असा नव्हे, कालवा भरून वाहतो आहे. फक्त विसर्ग बदलत नाही. एकूण पाणी क्षेत्रफळातून मिळते: त्रिकोणाचे 500 आणि आयताचे 10,000, मिळून 10,500 क्युसेक-दिवस. दिवसाचे 86,400 सेकंद धरले तर हे 907 दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे 0.9 टीएमसी.

आता धरणाच्या साठ्याचा आलेख काढला, तर त्याच 10 दिवसांत रेषा उतरती दिसेल. धरणात नवे पाणी येत नसेल आणि बाष्पीभवन सोडून दिले, तर तिचा उतार दिवसाला 86.4 दशलक्ष घनफूट, म्हणजे नेमका 1000 क्युसेक विसर्ग. इथे रेषा आडवी झाली, तर मात्र येणारे आणि जाणारे पाणी सारखे झाले असे समजावे. म्हणून रेषेचा आकार पाहण्याआधी अक्षांवर काय लिहिले आहे ते वाचावे लागते.

टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट पुढेच आहे. कालव्याच्या मुखाशी आणि टेलला, दोन्हीकडे पूर्ण आवर्तनाचा विसर्ग मोजून आलेख काढले, तर त्यांच्या क्षेत्रफळांतला फरक म्हणजे वाटेत उचललेले, झिरपलेले आणि उडून गेलेले पाणी. कोणत्याही एका दिवसाच्या क्युसेकच्या आकड्यावरून हा हिशेब लागत नाही.

गतीचे गणित असेच चालते. सुप्याहून पुण्याकडे निघालेल्या एसटीचा वेग 20 सेकंदांत एकसारखा वाढून सेकंदाला 20 मीटर झाला, तर वेग-काल रेषेचा चढ म्हणजे त्वरण, 1 मीटर प्रति सेकंद वर्ग. रेषेखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर, 200 मीटर. अंतर-काल आलेखात चढ वेग दाखवतो, पण क्षेत्रफळाचे एकक मीटर-सेकंद येते आणि त्यातून प्रवासाबद्दल उपयोगाचे काही कळत नाही.

रेषा वक्र असेल, तर हव्या त्या बिंदूपाशी स्पर्शिका काढून तिचा चढ घेतात आणि क्षेत्रफळासाठी आलेख कागदावरचे चौकोन मोजतात.