फीट मेंदूची, दुखणे कॅल्शियमचे

रक्तात कॅल्शियमचा दुष्काळ आणि मेंदूत मात्र त्याचेच थर! ‘स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम’ अशा बोबडी वळवणाऱ्या नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात हे घडते. सीटी स्कॅन काढला की हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या बेसल गँग्लियात दोन्ही बाजूंना पांढरेफटक डाग दिसतात.

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांच्या संप्रेरकाच्या हुकमावरून मूत्रपिंड फॉस्फेट बाहेर टाकते आणि ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करते. या आजारात ग्रंथी ठणठणीत असतात, संप्रेरक तर नको इतके. पण मूत्रपिंड त्याला दादच देत नाही. मग फॉस्फेट साचते आणि कॅल्शियम घसरते. १९४२ साली अमेरिकेतल्या डॉ. फुलर ऑलब्राइट यांनी हे ओळखले, तेव्हा दाखला दिला तो कोंबडीसारखी पिसे असलेल्या सीब्राइट बँटम कोंबड्याचा; त्याचे शरीरही नर-संप्रेरकाला दाद देत नाही, असा समज होता. गंमत म्हणजे, त्या कोंबड्याच्या पिसांचे कारण वेगळेच असल्याचे पुढे सिद्ध झाले. आजाराचे निदान मात्र अचूक ठरले!

दोष असतो जीएनएएस या जनुकात किंवा त्याच्या नियंत्रणात. मूत्रपिंडाच्या संबंधित पेशींत वडिलांकडून आलेली प्रत जवळजवळ गप्प असते. त्यामुळे बिघडलेले जनुक आईकडून आले, तरच कॅल्शियम घसरते. वडिलांकडून आले, तर ठेंगणेपणा, आखूड बोटे दिसू शकतात. रक्त मात्र नॉर्मल. अशा अनेकांनी मूठ वळली की चौथ्या बोटाच्या मुळाशी उंचवट्याऐवजी खळगा पडतो.

कॅल्शियम कमी झाले की मज्जातंतू चाळवतात. ओठांना मुंग्या येतात, रक्तदाबाचा पट्टा आवळून ठेवला तर हात आखडतो, शेवटी फीट. तिच्यावर अपस्माराचा शिक्का बसतो आणि खरा घोळ इथेच होतो. फेनिटॉइनसारखी औषधे ‘ड’ जीवनसत्त्वाची मोडतोड वाढवतात, म्हणजे कॅल्शियम आणखी खाली.

डोळ्यांत तरुणपणीच मोतीबिंदू धरतो. क्वचित दृष्टिचेतेच्या मुळाशी सूज येते आणि मेंदूत गाठ असल्याची शंका घेतली जाते. कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल, म्हणजे कार्यक्षम ‘ड’ जीवनसत्त्व, सुरू केल्यावर फीट सहसा आटोक्यात येतात, ही सूजही उतरू शकते. पिकलेला मोतीबिंदू मात्र शस्त्रक्रियेनेच जातो. मेंदूतले थरही तसेच राहतात. म्हणून उशीर महागात पडतो.

घरात कुणाला फीट येत असतील आणि कमी वयात मोतीबिंदूही झाला असेल, तर कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरकाची रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. फीटची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.