संगणक चांगला, तार चांगली. मग जाळे संथ का?

खामगावच्या एखाद्या शाळेतील संगणकखोली डोळ्यांपुढे आणा. दहा संगणक तारांनी एका स्विचला जोडले आहेत. नऊ ठीक चालतात. दहाव्यावर मात्र एखादी फाइल यायला मिनिटेच्या मिनिटे लागतात. 'संगणक जुना झाला, टाकून द्या', असा सल्ला लगेच मिळतो. तो मानण्यापूर्वी थोडे गणित व थोडे प्रयोग करून पाहू.

जोडणीचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट आहे असे समजा. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट माहिती जाईल. शेजारच्या संगणकावरून ६० मेगाबाइटची फाइल घेण्यास पाच-सहा सेकंद पुरावेत. पाच मिनिटे लागली, तर दोष बाहेरच्या इंटरनेटचा नव्हे, खोलीतलाच आहे.

आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तार बदलली; वेग तोच. स्विचवरील जागा बदलली, वेग तोच. मग त्याच संगणकावर पेन-ड्राइव्हमधून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवली आणि फाइल सहा सेकंदांत आली! यंत्र तेच, तार तीच. तेव्हा संशय मूळ ऑपरेटिंग सिस्टीमवर, विशेषतः तिच्यातील ड्रायव्हरवर जातो. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम व नेटवर्क कार्ड यांच्यामधला दुभाषी प्रोग्राम होय.

तो काय चूक करतो? मुंबई–नागपूर लोहमार्गावर येणाऱ्या व जाणाऱ्या गाड्यांना वेगळे रूळ आहेत. जलंब–खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा मात्र एकेरी आहे. तेथे एका वेळी एकाच दिशेने गाडी जाते. जाळ्यातही असे दोन प्रकार असतात. कार्ड व स्विच आपसांत बोलून प्रकार ठरवतात. ड्रायव्हरने ही बोलणी बंद करून कार्डाला 'दुहेरी'वर बांधून टाकले, तर उत्तर न मिळालेला स्विच नियमाप्रमाणे 'एकेरी' धरतो. कार्ड केव्हाही माहिती पाठवते. स्विचला ती टक्कर वाटते व तो आपले पाठवणे अर्ध्यावर तोडतो. तुटलेली माहिती पुन्हा पाठवण्यात वेळ जातो.

जाळे चालू आहे का हे पाहणारा 'पिंग'चा छोटा संदेश मात्र बहुधा सुखरूप जातो. एकट्या गाडीला एकेरी मार्गही पुरतो. गर्दी झाली की दोष उघडा पडतो. म्हणून मोठी फाइल पाठवूनच परीक्षा घ्यावी.

उपाय सोपा आहे. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये वेग व प्रकार 'ऑटो'वर ठेवावा. तेवढ्याने न भागल्यास ड्रायव्हरची सुधारित आवृत्ती घालावी. नंतर तीच फाइल पाठवून पुन्हा वेळ मोजावी. पाच मिनिटांचे सहा सेकंद झाले, तर निदान बरोबर ठरले आणि एक चांगला संगणक भंगारात जायचा वाचला.