माळ्यावरची ट्रंक कुणाची?

मुलांनो, नव्या घरी राहायला जाण्यात केवढी मजा असते, नाही? टेम्पोत सामान चढतं, गाद्यांच्या वळकट्या होतात, देवघरातले देव आजीच्या मांडीवर बसून येतात. नव्या घरात पोचल्यावर आई गॅसवर दूध उतू घालते. आणि तुम्ही काय करता? बरोबर! घरभर हिंडून कानाकोपरा धुंडाळता. अशा वेळी माळ्यावर, जिन्याखाली नाहीतर भिंतीतल्या कपाटात काहीतरी सापडतंच. आधीच्या मालकाची राहून गेलेली एखादी वस्तू!

आता सांगा, ती वस्तू कुणाची?

"घर आमचं, म्हणजे घरातलं सगळं आमचं!" असं म्हणालात ना? जरा थांबा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात काय झालं ते आधी ऐका.

त्या घरातला सहावीतला मुलगा पहिल्याच रविवारी माळ्यावर चढला. तिथे एक पत्र्याची ट्रंक होती. कुलूप नव्हतं. आत पितळी अडकित्ता, सुतळीने बांधलेली आंतर्देशीय पत्रं, एका कंपनीच्या शेअर्सचे पिवळे पडलेले कागद, आणि अगदी तळाशी निळ्या लोकरीचा अर्धवट विणलेला स्वेटर. सुया अजून टाक्यांतच अडकलेल्या! बाबा म्हणाले, "रद्दीवाल्याला बोलवा." आईने स्वेटर जुन्या चिंध्यांच्या पिशवीत टाकला. आजी मात्र ठामपणे म्हणाली, "विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही. दुसऱ्याचा संसार आहे तो."

सोसायटीच्या सेक्रेटरींकडून आधीच्या मालकांचा फोन नंबर मिळाला. ते आजोबा पत्नी गेल्यावर घर विकून मुलाकडे राहायला गेले होते. बाबांना वाटलं, शेअर्सचे कागद सापडले म्हटल्यावर ते खूश होतील. पण आजोबांनी पहिला प्रश्न काय विचारला ठाऊक आहे? "त्यात एक निळा स्वेटर आहे का हो?"

आईने धावत जाऊन ती पिशवी उपसली. दोनच दिवसांनी आजोबा स्वतः आले. स्वेटर छातीशी धरून बराच वेळ बसून राहिले. कागद घ्यायला तर ते विसरलेच होते, जिन्यातून परत बोलवावं लागलं! अडकित्ता मात्र त्यांनी आजीलाच देऊन टाकला.

बघा, आपल्याला जी चिंधी वाटली, तीच त्यांना सगळ्यात मोलाची होती. म्हणजे सापडलेल्या वस्तूची किंमत आपण ठरवायचीच नाही. ती ज्याची आहे त्याला आधी विचारायचं. आजीचं म्हणणं कायद्यालाही धरूनच होतं बरं का! १८७२ च्या भारतीय करार कायद्यात म्हटलं आहे, की दुसऱ्याची वस्तू सापडून आपण ती ताब्यात घेतली, तर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते. कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आपण जपतो ना, तशीच.

मग अशी वस्तू सापडली तर काय कराल? पहिलं म्हणजे घरातल्या मोठ्यांना सांगा. सगळं एका खोक्यात भरा, काय काय आहे त्याची यादी करा, तारीख घाला. जमलं तर फोटोही काढून ठेवा. मग मोठी माणसं आधीच्या मालकांना, घर दाखवणाऱ्या एजंटला नाहीतर सोसायटीला कळवतील. "अमुक तारखेपर्यंत घेऊन जा" असं लेखी कळवणं सगळ्यात चांगलं. मालक म्हणाले, "राहू द्या, तुम्हीच वापरा," तर तेही त्यांच्याकडून दोन ओळींत लिहून घ्यावं. नंतर गैरसमज नकोत!

जुने कागद दिसले तर जास्तच सांभाळा. त्या आजोबांच्या शेअर्सचंच बघा. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर तो लाभांश आणि ते शेअर्स सरकारच्या एका खास निधीकडे जातात. बँकेतल्या ठेवीला दहा वर्षं कुणी हात लावला नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण म्हणून ते पैसे बुडत नाहीत. मूळ मालक किंवा त्यांचे वारस ते परत मागू शकतात. अशा वेळी माळ्यावरचा एखादा पिवळा कागद केवढ्या कामाचा!

कागद मोडी लिपीत असतील तर? मग तर रद्दीचं नावच काढू नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड छापला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पार पानिपतच्या लढाईपर्यंतची पत्रं आहेत. ती कुठे मिळाली? वाईतल्या एका घरात! त्या घरच्यांनी ती चुलीत घातली असती, तर पानिपतची केवढी तरी हकीकत आपल्याला कधी कळलीच नसती. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, त्यातही राजवाडे होते. तुमच्याकडे असे कागद निघाले, तर मालकांची परवानगी घेऊन अशा संस्थेला जरूर दाखवा.

आणि पत्रं किंवा डायरी सापडली तर? उघडून वाचावंसं वाटणारच! पण इथे एका बाईंची आठवण ठेवा. दुसऱ्या महायुद्धात, हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी घरच्यांसोबत एका इमारतीच्या मागच्या भागात लपून राहत होती. ४ ऑगस्ट १९४४ रोजी त्या सगळ्यांना पकडून नेलं. मागे राहिली ॲनची डायरी आणि लिहिलेले सुटे कागद. त्यांना मदत करणाऱ्या मीप खीस यांनी ते उचलून टेबलाच्या खणात ठेवले. ॲन परत आली की तिला द्यायचे म्हणून त्यांनी ते वाचलेसुद्धा नाहीत. ॲन परत आली नाही. १९४५ मध्ये ती गेल्याचं नक्की कळलं, तेव्हा मीपबाईंनी सगळे कागद तिच्या वडिलांच्या हाती दिले. १९४७ साली त्याचं पुस्तक झालं. मीपबाई पुढे म्हणत, की मी ते वाचलं असतं तर जाळूनच टाकावं लागलं असतं, कारण मदत करणाऱ्यांची नावं त्यात होती! दुसऱ्याची डायरी न वाचता जपली, म्हणून ती जगाला मिळाली.

काही वस्तूंना मात्र हातसुद्धा लावायचा नाही हं! जुन्या औषधांच्या बाटल्या, कीटकनाशकं, ॲसिड, रॉकेलचे डबे दिसले तर लगेच मोठ्यांना हाक मारा. बंदूक किंवा काडतुसं दिसली तर तशीच राहू द्या आणि मोठ्यांना पोलिसांना कळवायला सांगा. वाघाचं कातडं किंवा हस्तिदंत निघालं तर वनखात्याला कळवायचं. आणि कधी जमिनीत पुरलेला हंडा सापडला तर? हसू नका! १८७८ चा एक कायदा खास गुप्तधनासाठी आहे. त्यानुसार जमिनीत लपवलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. घराच्या किल्ल्या घेताना आधीच्या मालकांना बरोबर घेऊन माळा, बाल्कनी, कपाटं, सगळं एकदा बघा. काय राहणार, काय जाणार याची यादी करून दोघांनी सह्या करा. अर्ध्या तासाचं काम, पण पुढचे महिनाभराचे फोन वाचतात. आणि स्वतःचं घर सोडताना? मुलांनो, हे काम तुमचं! सगळ्यात शेवटी माळ्यावर तुम्हीच एकदा डोकावा.

त्या सहावीतल्या मुलाला महिन्याभराने पोस्टाने एक कार्ड आलं. आजोबांचंच होतं. त्यांच्या सुनेने स्वेटर पुढे विणायला घेतला होता. एक बाही तेवढी राहिली होती.

मग काय दोस्तांनो, तुमच्या माळ्यावर काय आहे? बघा बरं. आणि ते तुमचं नसेल, तर ज्याचं आहे त्याला आजच एक फोन करा!