नौकेची पावसाळी शाकारणी
लेखांक 5 : टाकीत पाणी शिरते कोठून?

गेल्या आठवड्यात आपण लाकडी तळाच्या फटींचा आणि त्या बुजविण्याचा विचार केला. तो भाग डोळ्यांसमोर असल्यामुळे नाखव्याचे लक्ष तिकडे आपोआप जाते. आज ज्या भागाकडे वळावयाचे आहे, तो नौकेच्या पोटात, फळ्यांखाली, काळोखात बसलेला असतो, आणि त्याची आठवण बहुधा श्रावणात, इंजिन चार फटके मारून गप्प झाले म्हणजेच होते. हा भाग म्हणजे डिझेलची टाकी, तिच्यातून निघालेली नळी, वाटेतील फिल्टर, पंप आणि शेवटी नोझल.

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी, समोर आगरदांडा आणि मुखाशी जंजिऱ्याचा कोट, असा हा देखावा वैशाखाच्या अखेरीस पाहावा. वाहने घेऊन पलीकडे जाणारी जंगलजेट्टी आपल्या वेळेला जातच असते. परंतु मासेमारीच्या नौका एकामागून एक परतू लागतात, लहान होड्या माणसांच्या खांद्याने वर ओढून टेकूंवर बसविल्या जातात, मोठ्या नौका खाडीच्या आतल्या अंगास आडोशाला नेल्या जातात, आणि झाप, बांबू व ताडपत्र्या यांची जमवाजमव सुरू होते. यांत्रिक नौकांना 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत, म्हणजे 61 दिवस, समुद्रात मासेमारीची बंदी असते. हुकुमाची मुदत अशी तारखेने संपते. रूढीची मुदत मात्र नारळी पौर्णिमेला संपते, आणि ती पंचांगाच्या मर्जीवर असते. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे ही पौर्णिमा 30 ऑगस्टपर्यंत लांबली होती. सबब दोन ते तीन महिने डिझेल एका जागी निजून राहणार, हे धरूनच तजवीज केली पाहिजे.

यंत्राबरोबर जी छापील पुस्तिका मिळते, तीत या विषयावर एक कलम ठळक अक्षरांत असते : नौका दीर्घकाळ उभी करावयाची असल्यास टाकी जवळजवळ काठोकाठ भरून ठेवावी. कारणही दिलेले असते. टाकी रिकामी ठेवली तर तिच्यातील हवेतली वाफ थंड पत्र्यावर जमते, तिचे पाणी होते आणि ते तळाशी साचते. सल्ला खोटा नाही. परंतु ज्या देशांत तो जन्मला, तेथे बंदर हिवाळ्यात गोठते, थंडीने डिझेलमधील मेण आळून फिल्टर तुंबतो, आणि दुपार व मध्यरात्र यांच्या तापमानात मोठी तफावत पडते. आमच्या दिघीस जून-जुलैत दिवसाचा पारा 30 अंशांच्या आसपास आणि रात्रीचा 25 च्या; मध्ये अंतर कितीसे? शिवाय हंगामाच्या शेवटी शेकडो लीटर डिझेल विकत घेऊन ते पावसाळाभर नौकेच्या पोटात निजवावयाचे, हे ज्याच्या खिशाला परवडेल त्यालाच परवडेल. डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मच्छीमार सोसायटीमार्फत हाती पडेपर्यंत हिशेबाच्या वहीत तो येणे बाकी म्हणूनच लिहावा लागतो.

माझा स्वतःचा या पुस्तिकेवर फार दिवस विश्वास होता. एका लहान यांत्रिक होडीत माझा चार आण्यांचा वाटा असताना, टाकी भरून न ठेवल्याबद्दल मी आमच्या वयस्क तांडेलास जरा तावातावाने बोललो. टाकीला घाम येतो, असे मी म्हणालो. त्याने ताडपत्रीची दोरी आवळता आवळता मागे न पाहताच सांगितले, "टाकीला घाम येत नाय, मास्तर, बूच ढिला हाय." मी ते हसण्यावारी नेले. त्या वर्षी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत आमचे इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडले, आणि भरतीने आम्हांस शेजारच्या नौकेच्या दोरीवर लटकत घरी आणले. फिल्टरची वाटी उघडली तर तीत निम्म्याहून अधिक पाणी.

त्यानंतर मी पेन्सिल घेऊन बसलो. 500 लीटरची टाकी संपूर्ण रिकामी आहे, असे धरू. 30 अंशांस हवा ओलीचिंब असली, तरी एका घनमीटरात वाफ असते सुमारे 30 ग्रॅम. म्हणजे आपल्या टाकीत सगळी मिळून 15 ग्रॅम. रात्री तापमान पाच अंशांनी उतरले की आतली हवा आकसते आणि बाहेरची आठएक लीटर हवा टाकीच्या हवेच्या नळीवाटे आत ओढली जाते. तिच्याबरोबर येणारी वाफ पाव ग्रॅम. असे साठ दिवस चालले, आणि आलेला प्रत्येक कण पत्र्यावर जमून खाली उतरला, परत वर गेलाच नाही, असे जरी मानले, तरी बेरीज 15 ग्रॅमच्या पुढे जात नाही. आधीच आत असलेल्या वाफेचा काही अंश त्यात मिळवावा. फार तर दीड मोठा चमचा पाणी होईल. आता दुसरी बाजू पाहा. भरणीच्या तोंडावरील बुचाची रबरी चकती वाळून चिरली आहे, बूच नौकेच्या फळीशी समतल बसविले आहे, त्यामुळे त्याच्या खळग्यात पाणी तुंबते, आणि पाऊस चालू असताना मिनिटास एक, एकच, थेंब आत पाझरतो. पाऊस दिवसाकाठी सहा तास धरला तर 360 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलीटर या मानाने 18 मिलिलीटर. साठ दिवसांत एक लीटरहून अधिक. तांडेलाचे गणित पेन्सिलीवाचून झालेले होते.

म्हणून माझे मत असे की, आमच्या किनाऱ्यावर टाकी भरावी की रिकामी ठेवावी, हा वाद दुय्यम आहे. बुचाची चकती नवी बसविणे आणि बुचावरून पाणी वाहून जाईल असे आच्छादन करणे, हे पहिले. चकती काही रुपयांत मिळते. आच्छादन म्हणजे वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री नव्हे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले होते. असा वारा सुटला तर झाप आणि ताडपत्री पहिल्या तासातच जातील, हे धरून बुचावर स्वतंत्र पत्र्याची किंवा रबराची टोपी दोरीने घट्ट बांधावी, म्हणजे वरचे छप्पर गेले तरी तिचा अंमल चालू राहतो.

टाकीची हवेची नळी हे दुसरे तोंड. तिचा शेंडा खाली वळविलेला असावा, आणि त्यावर विरळ फडके बांधावे. ती पूर्ण बंद करू नये. फडके बांधण्याचे कारण केवळ पाऊस नव्हे. आमच्याकडे कुंभारीण नावाची जी माशी भिंतींवर चिखलाची घरटी करते, तिला अशा नळीचे भोक फार आवडते. ती त्यात माती भरून निघून जाते, आणि श्रावणात इंजिन दहा मिनिटे उत्तम चालून मग धापा टाकू लागते. कारण डिझेल बाहेर पडते, पण त्याची जागा घ्यावयास हवा आत येत नाही. अशा वेळी पंप, नोझल सर्व खोलून पाहणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. दोष मात्र चिमूटभर चिखलाचा असतो.

पाण्याची एवढी धास्ती का, हेही सांगितले पाहिजे. डिझेल पाण्याहून हलके; लीटरभर डिझेल सव्वाआठशे ते साडेआठशे ग्रॅम भरते. त्यामुळे पाणी खाली बसते, आणि जेथे दोघांची सीमा मिळते त्या पातळ थरात सूक्ष्म बुरशी आणि जंतू वाढतात. त्यांना पाणी राहावयास लागते आणि डिझेल खावयास. त्यांची वाढ झाली की काळपट, बुळबुळीत साका तयार होतो, आणि त्यातून निघणारी आम्ले पत्रा कुरतडतात. विमानांच्या टाक्यांतही हीच बुरशी निघाली, तेव्हा जगातील मोठमोठ्या तंत्रज्ञांनी तिची दखल घेतली. आमच्या खलाशांनी तिला "शेवाळ" म्हटले आणि फडक्याने पुसले. साका पुढे सरकला तर फिल्टर चोंदतो. नुसते पाणी फिल्टर ओलांडून गेले तर पंपात पोचते, आणि तेथे खरे नुकसान होते. पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातील फट दोन-तीन मायक्रॉनची असते. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा. जुन्या पद्धतीच्या इंजिनात याच दट्ट्याच्या बळावर दर चौरस सेंटिमीटरला 200 किलोग्रॅमच्या आसपास दाब निर्माण होऊन डिझेलचा फवारा उडतो. या गुळगुळीत पृष्ठभागावर पावसाळाभर पाण्याचा एक थेंब बसून राहिला, तर तेथे गंजाचा जो ठिपका उमटतो, तो पुन्हा पुसला जात नाही.

आता प्रत्यक्ष कृती. शेवटच्या फेरीनंतर नौका एक रात्र हलवू नये, म्हणजे टाकीतला गाळ बसतो. सकाळी टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून पहिला अर्धा लीटर पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्यावा. बादलीत घेऊ नये. बादलीत काहीच कळत नाही. बाटली खिडकीत ठेवून तासाभराने पाहावी : वर मधाच्या रंगाचे स्वच्छ डिझेल, मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा धुरकट पडदा, खाली पाण्याचा थर, आणि अगदी तळाशी गंजाची लालसर पूड. पडदा नसेल आणि पाणी बोटभरच असेल, तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत निचरा करावा, इतके पुरे. पडदा जाड असेल, तर टाकी खोलून हाताने धुण्यास पर्याय नाही. बाजारात मिळणारी औषधे बुरशी मारतात, परंतु मेलेली बुरशी टाकीतच राहते. डिझेल टिकविण्याच्या बाटल्याही विकत मिळतात. स्वच्छ आणि कोरडे डिझेल दोन-तीन महिन्यांत नासत नाही, म्हणून तो खर्च मला व्यर्थ वाटतो. निचरा केलेली घाण खाडीत ओतू नये, हे ज्याला त्याच खाडीतून कालवे आणि मुडदुशी खावयाची आहेत, त्याला सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

यानंतर फिल्टर. बहुतेक लोक नवा फिल्टर हंगामाच्या आरंभी घालतात. मी तो आत्ताच घालावा असे म्हणतो, कारण जुन्या फिल्टरातील ओला गाळ पावसाळाभर पंपाच्या दाराशी ठेवण्यात काय हशील? पाणी अडविणारी वाटी रिकामी करून, नवा फिल्टर स्वच्छ डिझेलने भरून बसवावा आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे. अशाने पंप आणि नोझल यांत कोरडे, ताजे डिझेल भरून राहते. मग टाकीची तोटी बंद करावी आणि नळ्यांचा एकही नट त्यापुढे खोलू नये. जादा डिझेल पिंपात काढून ठेवावयाचे असल्यास ते जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात ठेवू नये. जस्त आणि डिझेल यांचे पटत नाही, आणि त्यातून निघणारा साबणासारखा पदार्थ नोझलवर बसतो.

ज्यांच्या लहान होड्यांना मागे लटकणारी पेट्रोलची इंजिने आहेत, त्यांना हे सर्व उलटे लागू पडते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते पाणी ओढून घेते, आणि मर्यादेबाहेर घेतले की पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. तेथे टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही पूर्ण रिकामी करावीत; तोटी बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवावे, इतके सोपे आहे.

रुडॉल्फ डीझेल याने आपले इंजिन 1897 साली यशस्वीपणे चालवून दाखविले. त्याच्या नावाचे तेल आमच्या खाडीत आले त्यापूर्वी, शिडांच्या काळात, शाकारणी म्हणजे लाकूड, दोर आणि कापड एवढाच मामला होता.

श्रावणात नौका पाण्यात उतरविण्याआधी बाटलीचा तोच प्रयोग पुन्हा करावा. मग तोटी उघडून फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू दोन आटे सैल करावा आणि हातपंप मारीत राहावे. आधी नुसती हवा सुसकारते, मग पांढरा फेस येतो, मग फेसात तेलाचे धागे दिसतात, आणि अखेरीस बुडबुड्यांवाचून सलग धार लागते. ती लागली की हातपंप मारणे चालू असतानाच स्क्रू आवळावा. थांबून आवळला तर हवा पुन्हा आत जाते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. इंजिन तरीही धरले नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करावे. चेहरा मात्र दूर ठेवावा, कारण तो फवारा कातडीत शिरतो.

पुढील आठवड्यात, इंजिन गार राखण्यासाठी समुद्राचे पाणी वाहून आणणाऱ्या नळ्यांकडे वळू.